लिओची खुर्ची आणि माझी नजर

१० सप्टेंबर, रविवार. सकाळी
आजपासून फुटबॉलचा सीझन सुरू. संकल्प: मॅच चालू असताना ओरडायचं नाही. लोरेनबद्दल मनातसुद्धा वाईट बोलायचं नाही, ती कशीही असली तरी माझ्या भावाची बायको आहे. पंचांना शिव्या द्यायच्या नाहीत.
यंदा आपली टीम शेवटपर्यंत जाणार. मला आतून वाटतंय. मागच्या वर्षीही वाटलं होतं, पण इतकं आतून नव्हतं.
दुपारी भावाकडे, चेटकडे. त्याच्या तळघरात मोठा टीव्ही आहे आणि टीव्हीसमोर माझ्या नवऱ्याची, लिओची तपकिरी खुर्ची. लिओ गेल्यावर घर विकून मी टेकडीवरच्या दोन खोल्यांत आले. इथला जिना अरुंद, म्हणून खुर्ची चेटने नेली. म्हणाला होता, खुर्ची तुझीच, बर्नी, दर रविवारी येऊन बसायचं. खुर्चीच्या उजव्या हातावर लिओच्या कॉफीचा डाग आहे. किक मारायच्या वेळी मी त्यावर हात ठेवते. पूर्वी तिथे लिओचा हात असायचा.

त्याच दिवशी, रात्री
हरलो. ओरडले, पण थोडंच. पंचांचं नंतर बघू.

१७ सप्टेंबर
पुन्हा हार. लोरेनने एक शोध लावलाय. मी वर बाथरूमला गेले तेव्हा आपला टचडाउन झाला, एकदम सहा पॉइंट. खाली आले तेव्हा आपल्याच पोराच्या हातून बॉल सुटला. तिने चेटकडे बघितलं, चेटने छताकडे. मग म्हणाली, बर्नी, जरा वर जाऊन पिरोगीच्या करंज्या बघतेस का, उकळून फुटतील. गेले. आणखी एक टचडाउन.
ती सगळ्यांसमोर मला पांढऱ्या पायाची म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.
सिस्टर परपेचुआ आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवायच्या की अंधश्रद्धा म्हणजे दहा आज्ञांतल्या पहिल्याच आज्ञेचा भंग. लोरेन सरकारी शाळेत शिकली. तिच्यावर राग नाही, तिला क्षमाच करायला हवी.

२३ सप्टेंबर, शनिवार
चेटचा फोन. उद्या एवढा एक दिवस घरी थांबतेस का, नुसतं बघू या, असं म्हणाला. मी म्हटलं, जरूर, मला तरी कुठे वेळ आहे. अजिबात वाईट वाटलं नाही. कपाट आवरायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं.

२४ सप्टेंबर
जिंकलो. मी मॅच बघितली नाही, खिडकीतून ऐकली. सगळी गल्ली ओरडत होती.
वाईट बातमी निराळीच आहे, चेट फोनवर बोलून गेला. लिओच्या खुर्चीत आज डुएन बसला. डुएन म्हणजे लोरेनच्या बहिणीचा नवरा. बहिणीने त्याला घराबाहेर काढलंय, म्हणून सध्या तो या लोकांच्या तळघरात राहतो. जन्माने क्लीव्हलँडचा, म्हणजे आपल्या कट्टर वैरी टीमच्या गावचा. क्लीव्हलँडचा माणूस लिओच्या खुर्चीत, मोजे घालून पाय वर.
क्षमेचा संकल्प तूर्त मागे.

४ ऑक्टोबर
रात्रभर विचार केला. माझ्या नजरेत एवढी ताकद आहे असं त्यांचं म्हणणं आहे ना? ठीक आहे. मग ती वापरू. दर रविवारी माझ्या छोट्या टीव्हीवर मॅच बघायची. टीम हरेल, हरत राहील. शेवटी लोरेन माझ्या दारात येऊन म्हणेल, चुकलं, खुर्चीत येऊन बस, फक्त हे थांबव. मी थोडी वाट बघायला लावीन.
हा सूड नव्हे. न्याय.

७ ऑक्टोबर
कन्फेशनला गेले. फादर लेसिकांना विचारलं, नुसत्या नजरेने कोणाचं वाईट करणं पाप आहे का. त्यांनी विचारलं, कोणाचं. म्हटलं, आपल्या टीमचं. ते जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, उद्याची बाल्टिमोरविरुद्धची मॅच तरी सोड.

८ ऑक्टोबर
बाल्टिमोरची मॅच सोडली नाही. हरलो. काय हरलो. स्वतःसाठी एक ग्लास वाइन घेतली.
चेटचा फोन: खरं सांग, बघत होतीस का. म्हटलं, जपमाळ ओढत होते. ओढतच होते. टीव्हीसमोर.

२२ ऑक्टोबर
बघितली. हरलो. आपला क्वार्टरबॅक, सगळा खेळ चालवणारा तो, लंगडत बाहेर गेला. अगदी पोरगेला आहे, कान लिओसारखे पुढे आलेले. मी रडले असं नाही. कांदा चिरत होते. संध्याकाळी त्याच्या घोट्यासाठी मेणबत्ती लावून आले. त्याच्याशी माझं काही वैर नाही.

९ नोव्हेंबर
जिंकले. म्हणजे मी. चेट स्वतः आला, घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन. म्हणाला, रविवारी ये, खुर्ची तुझी, लोरेनही हो म्हणाली. फक्त तिची एक छोटी अट आहे, ती तिथेच सांगेल.
निळा स्वेटर इस्त्री करून ठेवलाय.

१२ नोव्हेंबर
अट अशी की खुर्चीचं तोंड टीव्हीकडे नसेल.
पूर्ण मॅच मी वॉशिंग मशीनकडे बघत बसले. मागे सगळे ओरडत होते. काय झालं विचारलं की लोरेन म्हणायची, तू नको विचारूस गं, छान चाललंय. जिंकलो. सगळ्यांनी माझ्या डोक्याची पापी घेतली. डुएनने खुर्चीची पाठ थोपटली, शर्यतीतल्या घोड्याची थोपटतात तशी.
ॲपल पाय छान झाला होता हे कबूल. पण आता दयामाया नाही. पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. डिसेंबरात टीमचा पूर्ण निकाल लावते.

३ डिसेंबर
पापणी न लवता बघितली. जिंकलो. अपवाद असतो.

१० डिसेंबर
पुन्हा जिंकलो. टीव्हीच्या अगदी जवळ बसून बघितलं होतं.

१४ डिसेंबर
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. विचारलं, नजरेची ताकद कमी होते का. म्हणाले, वयाप्रमाणे होतेच. म्हणजे शास्त्रीय कारण आहे. नवा चष्मा केला, जाड काचांचा.

१७ डिसेंबर
नव्या चष्म्याने बघितली. या सीझनमधला सगळ्यात मोठा विजय. क्वार्टरबॅक धावत सुटला तेव्हा मी उभी राहिले होते असं खालच्या मजल्यावरची बाई म्हणते. उड्या मारल्या असंही म्हणते. तिचा कान तिखट आहे.

३१ डिसेंबर
नाताळच्या आदल्या दिवशी मॅच नव्हती, बाकी डिसेंबरच्या चारही मॅच जिंकलो. पुढच्या रविवारी जिंकलो तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. लोरेनने चर्चच्या पायऱ्यांवर मला गाठलं. म्हणाली, बघितलंस ना, तू बघत नाहीस तर पोरं कशी खेळतात. मी गोड हसले. जाड काचेमागून. शेवटचा घाव सात तारखेला.

७ जानेवारी, रविवार. रात्री
लिहायला बसवत नाहीये, पण लिहिते.
बर्फ पडत होतं. दोन पॉइंट मागे, घड्याळात काही सेकंद, आणि किक आपली. जवळची किक, लागली की तीन पॉइंट, किक मारणारा मुलगा झोपेतही मारेल अशी. ही चुकली की संपलं. लोरेनचं, डुएनच्या मोज्यांचं, सगळ्यांचं. मला फक्त बघायचं होतं.
आणि मग कॅमेऱ्याने क्वार्टरबॅकला दाखवलं. बाकावर बसला होता, डोळे मिटून, शेजारच्याचं मनगट धरून. लिओ माझं धरायचा तसं.
मी बाथरूममध्ये गेले. दार लावलं. नळ सोडला, म्हणजे ऐकूसुद्धा येऊ नये. जा बाळा, मार, म्हटलं.
बाहेर आले तर किक चुकलेली.
चेटचा फोन लगेच आला. आवाज बसला होता. म्हणाला, बर्नी, बघत होतीस. म्हटलं, देवाशपथ नाही. या सीझनमध्ये पहिल्यांदाच खरं बोलले, आणि त्याला पटेना. मग राग आला आणि सगळंच सांगितलं: डिसेंबरच्या चारही मॅच मी बघितल्या होत्या, एकही सेकंद न सोडता.
मग म्हणाला, अगं, मग आजच न बघायला काय धाड भरली होती तुला.

९ जानेवारी
चर्चला, सकाळच्या मिस्साला निघाले, तर चेटच्या घरासमोर बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेत, गाडीसाठी जागा धरायला, लिओची खुर्ची ठेवलेली. लोरेनचा आता निष्कर्ष असा की पनवती मी नाही, खुर्ची आहे.
रस्त्यावर जागा धरून ठेवलेली खुर्ची आमच्याकडे कोणी हलवत नाही. मी जन्मात हलवलेली नाही. मग बर्फ झटकलं आणि बसले.
चेट गाडी घेऊन आला. हॉर्न वाजवला. मग बघितलं कोण आहे ते. काच खाली करून म्हणाला, ऊठ ना, बर्नी, गाडी लावू दे. मी म्हटलं, खुर्ची आहे इथे, दिसत नाही का. तो पूर्ण गल्लीला चक्कर मारून परत आला. मी तिथेच. तिसऱ्या चकरेनंतर विचारलं, काय हवंय तुला. म्हटलं, हीच.
चेट आणि डुएनने जिन्याचा कठडा काढून खुर्ची वर आणली. सगळं ओझं डुएनने उचललं. त्याला कॉफी दिली. एवढ्याने काही माफी होत नाही.

१४ जानेवारी, रविवार. दुपारी
खुर्ची टीव्हीसमोर, बरोबर खिडकीच्या उजेडात. डाग पुसट झालाय, पण आहे. आपल्या मॅच आता थेट ऑगस्टनंतर.
आज क्लीव्हलँडची प्लेऑफ आहे. लोरेन तिच्या घरात क्लीव्हलँड लावू देत नाही. म्हणून डुएन चिप्सचं पाकीट घेऊन माझ्या दारात उभा. कठडा काढणाऱ्याला नाही कसं म्हणणार. मी लोणच्यातली काकडी आणायला आत गेले, परत आले तर तो लिओच्या खुर्चीत, पाय वर. म्हटलं, डुएन. त्याने हात वर केला, थांब म्हणून. मग अगदी अदबीने म्हणाला, बर्नी, राग मानू नकोस, पण तू आत गेलीस आणि आमचा टचडाउन झाला. जरा तिथेच थांबतेस का?
हे स्वयंपाकघरातून लिहितेय. बाहेर तो पुन्हा ओरडला, म्हणजे आणखी एक झाला असणार. दार लोटून घेतलंय. थोडी फट ठेवलीये. फट लहान आहे, पण चष्मा नवा आहे.