जन्माला कुणी उठायचं नाही

रविवार, १ मार्च

देवाला जायलासुद्धा परवाना लागणार!

दुपारी दत्तराव कागद घेऊन आला. धरणाच्या पाण्यात खासगी बोट घालायची, हौसेसाठी असो की पूजेसाठी, तर इंजिनावर बसणाऱ्याने तीन दिवसांचं सुरक्षा शिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, परवाना खिशात ठेवायचा. नाही तर बोट काठालाच.

ज्यांचं गाव या पाण्याने गिळलं त्यांनी आपल्याच मारुतीवर तरंगायला परवानगी मागायची! जुन्या बोरखेडीत पाणी शिरलं तेव्हा पाण्याकडे कुणाचा परवाना होता? – वाक्य चांगलं आलंय. जिंतूरच्या सभेत वापरायचं.

दरवर्षी हनुमान जयंतीला पहाटे आम्हा विस्थापितांची बोट जुन्या गावावर जाते. खाली पाण्यात मारुतीचं देऊळ, वर आम्ही. सूर्य वर आला की देवाचा जन्म. सगळे उभे राहून पाण्यात फुलं टाकतात. इतकी वर्षं इंजिनावर दत्तराव असायचा. आता त्याचे गुडघे गेले.

"आता तूच बघ, महारुद्रा," मला म्हणाला. "भाषणानं बोट चालत असती तर तू कवाच पल्याड गेला असतास."

मंगळवार, ३ मार्च

जिंतूरला जाऊन शिकवणीविरुद्ध अर्ज देणार होतो. चप्पल घातली होती. तेवढ्यात मनकर्णा काकूने हाक मारली.

काकू चौऱ्याऐंशी वर्षांची. सोळाव्या वर्षी जुन्या बोरखेडीत नवरी होऊन आली. ते गाव कोरडं पाहिलेलं माणूस आता आमच्यात ती एकटीच. त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्या यात्रेतच बोट उलटली आणि तिचा सूर्यभान गेला. नऊ वर्षांचा होता. मी एकोणीसचा. त्यानंतर काकू एकदाही बोटीत बसली नाही. यात्रेला येते, काठावर बसते, बोट परत आली की सुंठवडा घेते.

आज म्हणाली, "यंदा मला बी न्ये."

मी म्हणालो, काकू, यंदा बोटच जाते की नाही बघू, सरकारने नवीन कायदा काढलाय – आणि सुरू झालो.

"ते मला कशाला सांगायलास," ती म्हणाली. "तू चालवशील तर येते. दुसऱ्या कुणाच्या हातात बसणार न्हाई. अन् पुढल्या साली मी असंन का नसंन."

चप्पल काढली. अर्ज फाडला. नाव नोंदवायला फोन केला.

गुरुवार, ५ मार्च

विजयमाला चहा ओतताना म्हणाली, "परीक्षा द्यायला चालले म्हणे. पण त्यात बोलायला थोडंच देत असतील? गप बसून लिहावं लागतं." बायको असून विरोधी पक्षात आहे.

मंगळवार, १० मार्च

शिकवणीची पुस्तिका मिळाली. चाळीस पानं. शत्रूचं म्हणणं आधी नीट वाचावं, ही माझी जुनी सवय. लाल पेन घेऊन बसलो, चुका काढायला.

पहिल्यांदा वाचली. एकही खूण करता आली नाही. दुसऱ्यांदा वाचली.

उभं आयुष्य पुस्तकांत गेलं माझं. इतकं कोरडं लिखाण क्वचित वाचलं असेल आणि इतकं हलवून टाकणारंही क्वचित. 'चालवणाऱ्याने इंजिनाची लाल दोरी मनगटाला बांधावी. तो पाण्यात पडल्यास दोरी निसटते व इंजिन बंद होते.' एवढंच. पण हे लिहिण्याआधी कुणीतरी पाण्यात पडलं असेल आणि रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर आली असेल. प्रत्येक नियमाच्या तळाशी एक माणूस आहे. आमच्या धरणासारखंच – वरून सपाट.

शुक्रवार, १३ मार्च

पहिला दिवस. धरणाकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा जण. बहुतेक हौशी मंडळी. जिंतूरचा ओमप्रकाश, कापडाचं दुकान आहे त्याचं, त्याने नवी कोरी बोट घेतलीय, रविवारी पोरंबाळं फिरवायला. शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची. अर्पिता. पूर्णेची, वडील रेल्वेत. नदीत पोहून मोठी झालेली.

मी पहिल्याच तासाला उठलो. म्हणालो, पाण्यावरच्या माणसाला पाणी शिकवणार कोण? पाच मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, छान बोलता तुम्ही. आता ते जॅकेट घाला बरं."

घातलं. बक्कल उलटं लावलं. तिने दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढलं, ते थेट माझ्या नाकापर्यंत आलं. ओमप्रकाश म्हणाला, "चला, आता तरी आवाज बंद झाला."

दुपारी तिने सिमेंटच्या हौदात प्लास्टिकचं घमेलं सोडलं. त्यात पाण्याने भरलेल्या सहा बाटल्या आडव्या ठेवल्या. "ही माणसं. बसलेली." घमेल्याला धक्का दिला. डुललं, पुन्हा जागेवर. मग बाटल्या उभ्या केल्या. तेवढ्याच बाटल्या, तेवढंच वजन, तेच घमेलं. "आता ही माणसं उठली." एका बोटाने हलवलं. घमेलं कललं, बाटल्या एका कडेला आल्या आणि सगळं पालथं झालं. टिचकी वाजवायला लागतो तेवढा वेळ.

"वारा लागत नाही, काका," ती म्हणाली. मलाच म्हणाली, कारण मी पुढे जाऊन हौदाच्या काठाला धरून उभा होतो. "लाट लागत नाही. सगळ्यांनी एकदम उठायचं अन् एकीकडं बघायचं, बस्स."

मी तिला म्हणालो, पुन्हा दाखव.

तिने पुन्हा दाखवलं. मी तिसऱ्यांदा मागितलं.

शनिवार, १४ मार्च, सकाळी

वारं नव्हतं.

शनिवार, १४ मार्च, संध्याकाळी

नीट लिहायला हवं. इथे तरी.

त्रेचाळीस वर्षं आम्ही सगळे सांगतो की वारं आलं आणि बोट उलटली. मी तर त्याचं भाषण केलं. परभणीत, सेलूत, पाथरीत – 'आधी आमचं गाव घेतलं, मग त्याच पाण्याने गावाचं लेकरू घेतलं.' माणसं रडायची. मीही रडायचो. खोटं बोलत नव्हतो मी. मला वारं आठवायचं.

काल हौदाशी आठवलं ते वेगळं होतं. पाणी काचेसारखं होतं. सोळा माणसं बोटीत. मी त्या वर्षी वक्तृत्वात जिल्ह्यात पहिला आलो होतो म्हणून जन्माची घोषणा मला दिली होती. पूर्वेला लाल कड दिसली. मी ओरडलो, "उठा! देव जन्मला! उठा!" आणि सोळा माणसं एकदम उठली, पूर्वेकडे वळली, फुलं टाकायला वाकली.

माझा आवाज तेव्हाही चांगला होता. एकही माणूस बसून राहिला नाही.

रविवार, १५ मार्च

तिसरा दिवस. पाण्यातली परीक्षा. मी पाण्यात उतरलो त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती.

बोट मध्यावर नेली. टेकडीवरचं लिंबाचं झाड आणि विजेचा मनोरा एका रेषेत आले तेव्हा ओळखलं, खाली बोरखेडी. अर्पिता म्हणाली, "उडी मारा, अन् काहीच करू नका. हात मारू नका. जॅकेटला काम करू द्या."

काहीच न करणं! मला!

मारली. पाणी डोक्यावरून गेलं, कानांत गच्च शांतता भरली, आणि मग कुणीतरी खालून उचलावं तसा वर आलो. पाठीवर पडून राहिलो. वर आभाळ. खाली गाव. चाळीस वर्षं ज्या गावावर बोललो ते मी कधी पाहिलेलं नाही. ते पाण्याखाली गेल्यावर माझा जन्म. पण आज पाठीखाली ते होतं. काकूचं जातं मांडलेलं घर, पार, मारुती. त्या सगळ्यावर मी एका नारिंगी जॅकेटच्या आधाराने पडलेलो, आणि पाणी मला काही मागत नव्हतं, काही सांगत नव्हतं. त्याचा राग कधी नव्हताच. मी त्याला वैरी केलं. ते फक्त पाणी होतं, इतकं मोठं, इतकं सरळ.

"काका, ठीक आहात ना?" ती बोटीतून विचारत होती. "शिट्टी वाजवा."

शिट्टी वाजवता येईना. शेवटी वाजली.

परत येताना तिला विचारलं, हे तू कुणासाठी शिकवतेस? म्हणाली, "माझ्या वर्गातली मैत्रीण गेली, सहलीला. बोटीत सेल्फी काढायला सगळ्या एकदम उठल्या होत्या." मग इंजिनाची टाकी पुसायला लागली.

शुक्रवार, २० मार्च

काकू अंगणात कुरडया घालत होती. आज सांगायचंच असं ठरवून गेलो. खाटेवर बसलो.

"लय दिसांनी गुमान बसलास," ती म्हणाली. "तब्येत बरी हाय ना?"

हजारोंच्या सभेत मी कधी कागद हातात धरला नाही. आणि समोर एक म्हातारी, तिच्या हातात सोऱ्या, पुढ्यात ओल्या कुरडया.

सांगितलं तर ती बोटीत बसेल का? न सांगता तिला बसवण्याचा मला हक्क आहे का? सूर्यभान ज्याच्या एका शब्दाने गेला त्याच्या हातात ती स्वतःला द्यायला निघालीय, आणि तिला ते माहीत नाही.

कावळे हाकत बसलो. दोन कुरडया खाल्ल्या, ओल्याच.

बुधवार, २५ मार्च

उत्तीर्ण. पन्नासपैकी सत्तेचाळीस. परवान्यावर फोटो आहे, चेहरा गुन्हेगारासारखा. विजयमालाने तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला. चेष्टेत ठेवला की खरोखर, विचारलं नाही.

बुधवार, १ एप्रिल

उद्या. बोट तपासली. चौदा जॅकेटं, मोजून चौदाच माणसं. दोर, शिट्ट्या, जादा वल्हं. काठावर, चढायच्या आधी, काकूला बाजूला घेऊन सांगणार. मग तिने ठरवावं.

गुरुवार, २ एप्रिल

आधी झालं ते झालं तसं लिहितो.

पहाटे काठावर गेलो तर काकू आधीच बोटीत बसलेली. मधल्या फळीवर, नऊवारी सावरून, मांडीवर फुलांची टोपली. दत्तरावाने धरून बसवलं होतं. तिला बाजूला कुठे घेणार! जॅकेट घातलं तिला. ती त्यात बुडून गेली. "हे काय, ढोल बांधला का मला?" म्हणाली. हसली.

निघायच्या आधी मी सगळ्यांना सांगितलं, "आज जन्माला कुणी उठायचं नाही. बसूनच फुलं टाकायची. अर्ध्यांनी इकडे, अर्ध्यांनी तिकडे."

गलका झाला. "देव जन्मायला अन् आमी बूड टेकून बसायचं?" "बापजाद्यांपासून उभं राहत आलोत!" "ह्याला परवाना काय मिळाला, देवापरीस मोठा झाला!" दत्तराव काठावरून म्हणाला, "महारुद्रा, येवढं तर होऊ दे. एका मिनटाचं काम हाय."

माझ्याकडे परवाना होता, पुस्तिका होती, घमेलं होतं. एकही आठवलं नाही. एवढंच म्हणालो, "बसा. पाया पडतो."

तेव्हा काकू म्हणाली, "मी बसणार हाय. मारुतीला राग आला तर माझ्यावर येऊ द्या. त्यानं माझं काय ठिवलंय?"

मग सगळे आपापल्या फळीवर टेकले.

लाल दोरी मनगटाला बांधली. लिंब आणि मनोरा एका रेषेत आले. इंजिन बंद केलं. पूर्वेला कड उजळली. घोषणा माझीच होती. मी इंजिनाशी बसूनच, हळू आवाजात म्हणालो, "देव जन्मला."

चौदा माणसं बसून होती. फुलं दोन्ही अंगांनी पाण्यात पडली. बोट जरासुद्धा हलली नाही. इतकी शांतता मी माझ्या कुठल्याही सभेत ऐकली नव्हती. एक झेंडूचं फूल फिरत फिरत बोटीला वळसा घालून दुसऱ्या अंगाला आलं. काकू ते बघत होती. तिने हात खाली सोडला, पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला, कितीतरी वेळ, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

सूर्य पुरा वर आला. जन्मात पहिल्यांदा मी तो बसून पाहिला. खालून वर पाहिला. केवढा असतो!

पण तिथे, पाण्यावर, तिला सांगितलं नाही. काठाला आल्यावरचं आज लिहवत नाही, उद्या लिहीन.

शुक्रवार, ३ एप्रिल

काल काठाला आल्यावर तिच्या जॅकेटचं बक्कल सोडत होतो. शेवटी बोललो. "काकू, त्या दिवशी वारं नव्हतं. मी उठा म्हणालो होतो."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू उठा म्हणलास ते मला तवाच माहीत हाय. शेजारीच तर होते मी. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून बसले तुझ्या बोटीत."

मग जॅकेटमधून एक हात काढला, दुसरा काढला.

"पर माझ्या सूर्यभानाचा हात मी सोडला, बाबा. फुलं टाकायला. ते कुणालाच माहीत न्हाई."

जॅकेट माझ्या हातात दिलं. म्हणाली, "चल. सुंठवडा वाटायचा राह्यलाय."