फळ्यावर गोणपाट

१८ नोव्हेंबर

झाकला! फळा झाकला. मीच झाकला, माझ्या हातानं.

कालपासून ग्रामपंचायतीची आचारसंहिता लागली. ग्रामसेवक सकाळी दळण टाकायला आले. मी म्हटलं, साहेब, गिरणीबाहेरच्या फळ्याचं काय करायचं? ते म्हणाले, "राहू द्या हो, तुमच्या फळ्यानं काय होतंय." काय होतंय! आधी वडील, मग मी, रोज सकाळी वर बातमी आणि खाली 'आमचे मत'. पार डिंगोरे गावापासून माणसं वाचायला यायची. आणि म्हणे काय होतंय! असा राग आला. नियम म्हणजे नियम. गव्हाचं रिकामं गोणपाट उसवलं आणि चारी कोपऱ्यांत खिळे मारले. ग्रामसेवक बघतच राहिले.

फळ्याच्या तळाला वडिलांनी ऑइलपेंटनं रंगवलेली ओळ आहे — 'मत देताना नातं पाहू नका, काम पाहा.' तीही झाकली गेली. खरं तर निवडणुकीत तीच उघडी हवी होती. पण नियम.

आता मतं काही थांबत नाहीत. पोटात राहिली तर बाधतील. म्हणून मुलाला, ऋषीला, कंपनीनं दिलेली कोरी डायरी काढली. महिनाभर इथं लिहीन. वाचणारं कुणी नाही हे बरंय, शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढणार नाही.

१९ नोव्हेंबर

आखातात पुन्हा कुरबूर. जहाजं थांबली म्हणतात.

आमचे मत : तिकडे कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक, हे ठणकावून सांगणारे पाच जण आपल्या चहाच्या टपरीवर आहेत. पाचांनाही नकाशा दिला तर आखात सापडणार नाही. मला सापडतं, पण मी बाजू घेत नाही. आपली बाजू कांद्याची. जहाज अडलं की मंचरचा बाजार पडतो. दुसऱ्याच्या भांडणात हात घालू नये आणि आपलं बंदर मोकळं ठेवावं — एवढं परराष्ट्र धोरण मला पुरतं.

लिहून बरं वाटलं. पण फळ्यावर लिहिलं की दळणाला थांबलेल्या बायका वाचतात, एखादी फणकाऱ्यानं हसते. इथं कोण हसणार!

२२ नोव्हेंबर

बिबट्यांची नसबंदी करणार. पेपरात आलंय.

आमचे मत : माणसांची करायला गेले तेव्हा सरकार पडलं. बिबट्याला मत नाही, म्हणून एवढं धाडस!

मच्छिंद्रला वाचून दाखवलं. मच्छिंद्र म्हणजे माझा रोजचा विरोधक. मेंढरं राखतो. दळण नसलं तरी दहाला गिरणीवर येऊन बसतो आणि मी पूर्व म्हटलं की तो पश्चिम म्हणतो. आज म्हणाला, "भाऊ, त्याला धरायचा कुनी? आन् धरल्यावर परत सोडायचा कशापायी? नसबंदी झाली म्हून काय त्यो साबुदाना खानार व्हय?"

आमचं एकमत झालं! कित्येक वर्षांत पहिल्यांदा. दोघांनाही करमेना. तो लवकर उठून गेला.

२५ नोव्हेंबर

सरपंचपद यंदाही बाईला राखीव. समर्थ आला. टोमॅटोचा व्यापार करतो, तिशीचा आहे, स्वतःचं पॅनल काढलंय. येताना पेढे घेऊन! "अण्णा, आमच्याकडून हर्षालीवहिनींना उभं करा. डिप्लोमा झालेली दुसरी बाई आहे का गावात?"

हर्षाली आमची सून. माहेर अवसरी खुर्द, तिथंच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. ऋषी चाकणला असतो, सुट्टीला येतो. गिरणी सकाळी ती बघते, दुपारी मी. मोटर बिघडली तर आम्हाला मिस्त्री बोलवावा लागत नाही.

मी नाही म्हटलं. वडिलांचा नेम होता — फळा ज्याच्या हातात, त्याच्या घरात पद नको. घरात सरपंच बसवायचा आणि बाहेर सरपंचावर मत लिहायचं, ही कसली तऱ्हा! मलाही मागं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा नाही म्हटलं. समर्थला पेढे परत दिले. माझ्या बायकोनं, साळूनं, त्यातला एक आधीच खाल्ला होता.

२६ नोव्हेंबर

हर्षाली दिवसभर गप्प. पीठ मात्र कधी नव्हे इतकं बारीक.

२७ नोव्हेंबर

जेवताना म्हणाली, "अण्णा, मला उभं राहायचंय."

असं सरळ! मी म्हटलं, कशाला?

"स्टँडवर दिवा नाही. पोरी जुन्नरहून शेवटच्या गाडीनं उतरतात आणि फोनच्या उजेडात घरी जातात. दोन्ही बाजूला ऊस, उसात बिबट्या. मी तीनदा अर्ज दिला. सरपंचबाई खुर्चीत नसतेच, तिचा नवरा बाहेरच्या बाहेर सांगतो — बघू. तुम्हीच लिहिता ना, खुर्चीत बाई तर बोलणारीही बाईच हवी?"

लिहितो. एकदा नाही, दर वर्षी. स्वतःच्याच अक्षरात अडकलो!

मी म्हटलं, तू निवडून आलीस तर फळा बंद. कायमचा. निकालाच्या दिवशी भिंतीवरून उतरवीन. तिचा चेहरा पडला. "मग नको, अण्णा. फळा राहू द्या."

साळू चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "पोरगी रोज तुमचं ऐकती. येक डाव तुमी तिचं ऐका की!"

ऐकलं. उभी राहा म्हटलं. पण वाटप करायचं नाही, धाब्यावर जेवणावळी नाहीत आणि ऋषीनं पंचायतीची पायरी चढायची नाही. ऋषीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, मला घरची पायरी चढायला तरी सुट्टी मिळते का!"

२ डिसेंबर

समोरच्या पॅनलकडून कोण? पुष्पाबाई. मच्छिंद्रची बायको!

मच्छिंद्र आज दहाला आला नाही. अकराला आला, दारातच थांबला. "भाऊ, आता मी हितं बसू का नको?" म्हटलं, बस. आचारसंहितेत बसायला बंदी नाही.

खरं लिहायचं तर पुष्पाबाई भक्कम बाई. जन्मभर अंगणवाडी सांभाळली. निम्मं गाव तिच्या हाताखालून रांगत गेलंय. कुणाचं रेशन अडलंय, कुणाची म्हातारी अंथरुणाला खिळलीय, सगळं तिला तोंडपाठ. हर्षाली हुशार, पण तापट. माझ्यावर गेलीय म्हणावं तर रक्ताचं नातं नाही! या दोघी गावाला मिळायला हव्या होत्या — एक आज आणि एक पाच वर्षांनी.

५ डिसेंबर

समर्थनं हर्षालीचं भाषण फोनकडून लिहून आणलं. कृत्रिम बुद्धिमत्ता! हर्षालीनं ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं. सुरुवात झकास. आणि मग — 'आपल्या गावच्या मच्छीमार बांधवांसाठी मी सुसज्ज जेट्टी उभारीन.' साळू म्हणाली, "जेटी म्हंजी काय गं?" हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

आमचे मत : ज्यानं गाव पाहिलं नाही त्यानं गावाचं भाषण लिहू नये, मग तो फोन असो की पुण्याहून आलेला पुढारी. यंत्र वाईट असं मी म्हणत नाही. माझी गिरणी यंत्रच आहे. पण तिच्यात बाजरी टाकली की बाजरीचंच पीठ पडतं. नाचणीचं पडायला लागलं तर मी गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू!

हर्षालीनं कागद फाडला आणि नुसतं दिव्याचं बोलली. तेच भाषण चांगलं होतं.

९ डिसेंबर

गावात कुठून तरी साड्या आल्यात. कुणी पाठवल्या ते कुणी सांगत नाही, पण पिशव्या दिसतात. आमच्या दारात आली तर तशीच परत.

आमचे मत : फुकट घेतलं की तोंड बंद होतं. सरकार बायकांच्या खात्यात पैसे टाकतं, तेही मला पटत नाही. त्यापेक्षा हाताला काम द्या. साळूच्या खात्यातही येतात. परवा त्यातून तिनं मला स्वेटर आणला.

तत्त्व तत्त्वाच्या जागी. स्वेटर ऊबदार आहे.

१३ डिसेंबर

प्रचारात एकानं हर्षालीला अडवलं — रेल्वे आणणार का? खोडदच्या दुर्बिणींमुळे रेल्वेचा मार्ग बदलणार म्हणतात, त्यावरून सगळे तापलेत. ती म्हणाली, "काका, रेल्वे काही सरपंच आणत नाही. मी दिवा आणीन." टाळ्या दोनच पडल्या. त्यातली एक मच्छिंद्रची! विरोधी उमेदवाराचा नवरा. मी त्याच्याकडं डोळे वटारले तर म्हणतो, "बोलली चांगलं, मंग काय करू?"

आमचे मत : रेल्वे मलाही हवी. पण जे आधीपासून नीट काम करतंय ते उठवू नये, याच मताचा मी आहे. त्या दुर्बिणी मी पाहिल्यात, आभाळाकडं तोंड करून ठेवलेल्या तारांच्या मोठमोठ्या पराती. शास्त्रज्ञ तिथं ताऱ्यांचं ऐकत बसतात. छान काम आहे. आमच्याकडं प्रचाराच्या रिक्षा फिरायला लागल्यापासून मला साळूचंही ऐकू येत नाही.

१६ डिसेंबर

पुष्पाबाई बाजरीचा डबा घेऊन गिरणीवर आली. मोटरपाशी हर्षालीच होती. रांगेतल्या बायकांनी माना उंचावल्या — आता काय होतंय! काही झालं नाही. हर्षालीनं डबा घेतला, पाणी दिलं, दळून दिलं.

जाताना पुष्पाबाई फळ्यापाशी थांबली. "भाऊ, मी मत मागायला न्हाई आले. तुमच्या घरात कसं मागू? पर गोनपाटाखाली काय रंगवलंय ते मला पाठ हाय."

आणि गेली. मी बराच वेळ जात्याच्या तोंडावरचं पीठ झाडत बसलो.

१८ डिसेंबर

समर्थ म्हणतो, वहिनी शंभरानं येणार. साळूनं नारळ आणून ठेवलाय. सून सरपंच, म्हणजे काय थोडं आहे! मला आनंद आहे. खरंच आहे.

दुपारी कुणी नव्हतं. गोणपाटाचा कोपरा उचलून पाहिलं. शेवटचा मजकूर अर्धा पुसट झालाय. खडूचा वास आला. फळा उतरवला की मागं भिंतीला पांढरा चौकोन राहील. राहू दे. चुना मारून घेऊ.

२० डिसेंबर, रविवार

मतदान. घरातले आम्ही चौघं मिळून गेलो. मी नवा स्वेटर घातला. हर्षाली साळूच्या पाया पडली, मग माझ्या.

मत दिलं. कुणाला, ते इथंही लिहिणार नाही. वडिलांनी कधी आईला सांगितलं नाही, मी कधी साळूला नाही. गुप्त म्हणजे गुप्त.

दुपारी वांग्याचं भरीत. झोप लागली नाही. भरीत तिखट झालं होतं.

२२ डिसेंबर

हर्षाली पडली. एका मतानं!

मोजणी जुन्नरला होती. ऋषीचा फोन आला तेव्हा गिरणी चालू होती, ओरडून विचारावं लागलं. किती? एक. किती? एक! फेरमोजणी झाली, पुन्हा तेच. मी गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत तिथंच उभा होतो.

साळू रडली. समर्थ, कुणी दगा दिला त्याचा हिशोब करत गावभर फिरतोय. हर्षाली आली, डोळे लाल. तोंड धुतलं आणि साळूचा तो नारळ उचलून पुष्पाबाईकडं निघाली. मी मागून गेलो.

मच्छिंद्र दारात, गुलालानं माखलेला. "भाऊ, मला सरपंचपती म्हनलात तर मेंढरं घिऊन कोकनात निघून जाईन!" पुष्पाबाईनं हर्षालीला पोटाशी धरलं. "स्टँडवरला दिवा पयल्या बैठकीत मंजूर करते. पर वायर तूच वढायची बाई. मला त्यातलं काय कळतंय?" तेव्हा हर्षाली रडली. मग तिथंच बसून कुठं किती खांब लागतील ते सांगायला लागली.

घरी येताना चक्क हसत होती.

२३ डिसेंबर

आचारसंहिता संपली. खिळे हर्षालीनंच उपसले. गोणपाट खाली पडलं, धुरळा उडाला, वडिलांची ओळ जशीच्या तशी. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला आपलं उगीच लाजल्यासारखं झालं.

हर्षालीनं नवा खडू माझ्या हातात दिला. "घ्या अण्णा, फळा वाचला तुमचा!" मग साळूकडं वळून म्हणाली, "आई, घरची चार मतं पक्की होती म्हणून एकावर निभावलं. नाहीतर पाचानं पडले असते."

सगळे हसले. मीही हसलो.

२४ डिसेंबर

सकाळी खडू धरून फळ्यासमोर उभा राहिलो. काही सुचलं नाही. वडिलांची ओळ पाळली, की फळा वाचवला — माझं मलाच सांगता येत नाही.

चार नव्हती. तीन होती.