कुंकू लावलेला सर्व्हर

मंगळवार, संध्याकाळ. बालाघाट

किळस आली आज. आमच्या इंटरनेटच्या ग्राहकांसाठी दोनपैकी कोणतं मेल सॉफ्टवेअर घ्यायचं, ते मालकानं मले तपासाले लावलं होतं. काल मेल उतरत असतानाच मी दोन्ही सर्व्हरची वायर उपटली. लाइट तर इथं रोजच जाते! साध्या दिसणाऱ्यात सगळे मेल जागेवर राह्यले. चकचकीत होतं, त्याची पेटी रिकामी. परत उपटली, परत रिकामी.

हे सांगाले आज सकाळी ऑफिसात गेली, तर मालकानं चकचकीतवाल्या सर्व्हरसमोर नारळ फोडलेला. डब्ब्यावर ओलं कुंकू.

"भैयाजी, हे मेल गिळते."

"बेटा, पूजा होऊन गेली. आता काढलं तर अपशकुन होते."

"मंग मले काहून तपासाले लावलं?"

"तपासलं ना? बस, हो गया."

उद्या तिरोडीच्या खाणीतल्या एखाद्या ग्राहक बाबूचा मेल गायब होईल, तो आलाच नाही म्हणंल आणि लोकं त्यालेच खोटं पाडतील. भैयाजीचा स्वतःचा मेल कुठं आहे, ते विचारलं. "दुसऱ्या कंपनीचा आहे," म्हणे. लाजलेही नाही.

कुंकू हवेच्या जाळीतून आत गेलतं. ते पुसाले मलेच सांगितलं. पुसलं. अजून नखात लाल आहे.

आणि मी किती शहाणी? प्रसाद म्हणून खोबरं हातावर ठेवलं, तर मुकाट्यानं खाल्लं. गोड होतं, हेच जास्त सलते.