मधाविना फूल

४ सप्टेंबर
पोहोचलो. खोली झकास! वर पत्रा, खिडकीतून थेट कुरण. काम असं : गुरं चरतात तिथे कोणत्या फुलावर कोणता कीटक बसतो ते टिपायचं. एरवी पदवीवाल्यांना पाठवतात. यंदा मला, दहावी नापासाला. जे शिकलो ते स्वतःच्या डोळ्यांनी, कुणाचे उपकार नाहीत. मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, वेळेवर जेवा. अगदी आईसारखी. आमची ही असती तर म्हणाली असती, गवताच्या काडीचं नाव पाठ, पण घरातलं मीठ कुठे ते ठाऊक नाही. हिला जाऊन दोन वर्षं होतील.

७ सप्टेंबर
ओढ्यापलीकडे एक फूल सापडलं. मला ओळखू येत नाही, म्हणजे कुणालाच येणार नाही. याला माझंच नाव लागणार! घोट्याएवढं उंच, जांभळट. मधली पाकळी मधमाशीच्या पाठीसारखी केसाळ. मध टिपूसभर नाही. नर तिला मादी समजून बिलगतात, डोक्यावर पराग घेऊन पुढच्या फुलाकडे पुन्हा फसायला जातात. गुराखीण म्हणाली, मास्तर, तिथे गुरं तोंड लावत नाहीत, तुम्ही नाक लावू नका. वर टोमणा : अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी म्हटलं, बाई, मला बैलच नाही.

९ सप्टेंबर
वास घेतला. घ्यावाच लागतो, नोंद अर्धवट ठेवणं माझ्या रक्तात नाही. नुकत्याच धुतलेल्या ओल्या केसांचा वास. हिच्या. ज्याला जे हवं ते हे फूल दाखवतं, एवढं मला कळतं. तरी अख्खी दुपार तिथेच गेली. डबा न उघडता परत आणला.

१२ सप्टेंबर
फुलं गुडघ्याला आली. मधमाश्या येईनाशा झाल्यात. तरी बी धरतंय. कसं, ते आरशात दिसलं : कपाळावर, भुवयांत, पिवळे पराग. या फुलावरून त्या फुलावर मीच वाकत हिंडलोय. गुराखीण म्हणते, दुपारभर हाका मारल्या, तुम्ही मान वर केली नाहीत.
मुलीला फोनवर बोलून बसलो, इथे तुझ्या आईचा वास येतो. रडली. येते म्हणाली.

१४ सप्टेंबर
फुलं कंबरेएवढी. पाकळीवर आता केस नाहीत. कातडी आहे. कोमट. तिच्यावर तीळ — हिच्या मानेवर होता, तिथेच.

१५ सप्टेंबर
पोरीला सांगायला हवं, येऊ नकोस. फोन खोलीवर. खोलीकडे निघतो आणि पाय इथेच —

१६ सप्टेंबर
वास विरतोय. मला पुरतं वापरून झालं. एका माशीवर फुलाचं भागत नाही. नवी उमललीत, सगळी रस्त्याकडे तोंड करून —

आली. ओढ्याच्या काठावर उभी आहे. गुराखिणीने तिचा दंड धरलाय. मी ओरडायला तोंड उघडलं — आत नुसते पराग —

हात झटकला तिने. धावत येतेय. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. आई, आई म्हणत —