रविवारची वीस मिनिटं

२ मार्च
आज सकाळी उठल्याबरोबर पहिलं काम केलं ते आईच्या खोलीच्या दाराला रंधा मारण्याचं. काल सामान घेऊन आलो तेव्हाच दिसलं होतं, दार खाली घासतं. धाकट्या भावाला यंत्रातलं सगळं कळतं, लाकडातलं काही नाही. आता बोटाने लोटलं तरी फिरतं. आई म्हणाली, चला, सुतार आला, निदान दारं तरी माझं ऐकतील.

चौथा मजला, दोन खोल्या. धाकटा दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर जनरेटर सांभाळायला गेलाय, तो परत येईपर्यंत मी आईपाशी राहायचं. मला बायको ना पोरं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पन्नाशीला टेकलो तरी आई पांघरूण नीट करून जाते. बरं वाटतं.

८ मार्च, रविवार
धाकट्याचा फोन. दर रविवारी सकाळी दहाला, वीस मिनिटं. तो तिकडूनच येतो, इथून लावता येत नाही. लहानपणीची आठवण निघाली. तो खेळात रमला की मी भिंतीआडून हुबेहूब आईच्या आवाजात हाक मारायचो आणि हा धूम घरी पळत यायचा. आई म्हणाली, तुझ्यापायी मला दोनदा वाढावं लागायचं. तिघंही खूप हसलो.

त्याच्या कार्यालयाने दिलेला कागद स्वयंपाकघरात लावलाय. हिवाळ्यात तिथे जहाज जात नाही, विमान जात नाही, म्हणून घरच्यांनी वाईट बातमी कळवू नये. आई म्हणाली, म्हणजे मी मेले तर ऑक्टोबरपर्यंत थांबायचं होय?

२९ मार्च, रविवार
साथ आमच्या रस्त्यापर्यंत आली. दुकानं बंद. शेजारच्या शिंपीणबाई दाराच्या फटीतूनच बोलतात. धाकटा म्हणाला, जगात सगळ्यात सुरक्षित आम्हीच. आई म्हणाली, मग तिथेच बस गधड्या.

१७ एप्रिल
आई परवा गेली.

सोमवारी ताप आला. मंगळवारी पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली दोन माणसं तिला खुर्चीत बसवून घेऊन गेली. बुधवारी दवाखान्यातून फोन आला. तोंड दाखवलं नाही. कुठे नेलं तेही नंतर कळवू म्हणाले. पिशवीतून चष्मा आणि कवळी परत आली. देवापुढे बसलो, पण काही विचारलं नाही. उत्तर नको होतं.

१९ एप्रिल, रविवार
धाकट्याला म्हटलं, आई झोपलीय.

कालच त्याच्या कार्यालयातल्या बाईंशी बोललो होतो. त्या म्हणाल्या, आधीच्या एका हिवाळ्यात तळावरच्या एकाला बायको गेल्याचं कळलं आणि तो अंधारात कोट न घालता बाहेर चालत गेला. तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांभाळा. मोठेपण असं नेमकं लागेल तेव्हाच लोकांना आठवतं.

३ मे, रविवार
दोन रविवार खोटं पुरलं. आज तो चिडला. आई माझ्यावर रुसलीय की तू मला फसवतोयस, असं ओरडला. रात्रभर झोप नाही, जेवण जात नाही म्हणाला. मी म्हटलं, थांब, देतो.

फोन हातातच होता. घसा खाकरला आणि म्हणालो, गधड्या, जेवत का नाहीस?

तो रडला. मग हसला. वीस मिनिटं मी आई होतो. देव माफ करील. भाऊ जिवंत राहिला तर करीलच.

१७ मे, रविवार
आता जमतं. खरं लिहायचं तर मलाही तो आवाज ऐकून बरं वाटतं. घरात तेवढंच.

२१ मे
शिंपीणबाई दाराआडून म्हणाल्या, आई दवाखान्यातून सुखरूप आल्या, छान झालं. काल दुपारभर बोलत होत्या, भिंतीतून ऐकू येतं हो. आणि तुम्ही मेलं एकटं असल्यासारखं तोंड करून फिरता!

काल बुधवार. मी दुपारी झोपलो होतो. उठलो तेव्हा घसा सोलल्यासारखा दुखत होता.

२४ मे, रविवार
धाकटा म्हणाला, बुधवारी आई किती वेळ बोलली! मी म्हटलं, फोन तर तिकडूनच येतो. तो म्हणाला, तेच तर, तिने लावला.

काय बोलली, विचारलं. म्हणाला, थंडी वाजते म्हणत होती. तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलंय म्हणे. दादा, तिला असलं काही पांघरायला देऊ नकोस.

हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं.

२८ मे
काल बुधवारी झोपलो नाही. माझा आवाज निघू नये म्हणून तोंडावर फडकं बांधून खुर्चीत बसलो. दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला. हळू, गप्पा मारल्यासारखा. दार उघडलं. कोणी नाही. पलंगावर खळगा.

३१ मे, रविवार
आज आवाज काढायचा नाही असं ठरवून फोन घेतला. हॅलो म्हटलं. आईच्याच आवाजात निघालं. बदलेना. वीस मिनिटं —

५ जून
प्रार्थनाही तिच्याच आवाजात निघते. गप्प बसतो. देवालाही गोंधळ नको.

११ जून
काल पुन्हा बोलली. भिंतीला कान लावला. माझं नाव घेत होती. पुढचं कळलं नाही —

रविवारी धाकट्याला खरं सांगणार. तो बाहेर चालत गेला तर पाप माझं. पण हे जे त्याच्याशी बोलतंय, त्याच्या हाती भावाला —

१४ जून, रविवार
सांगितलं.

सकाळपासून गरम पाणी पीत होतो. आवाज फाटका निघाला, पण माझा होता. आई पंधरा एप्रिलला गेली. पहिल्यांदा बोललो तो मी. नंतरचं कोण, मला माहीत नाही. सगळं सांगितलं.

तो रडला नाही. त्याने विचारलं, कोण बोलतंय. म्हटलं, दादा.

म्हणाला, दादा तर एप्रिलमध्येच साथीत गेला. आईने बुधवारी सांगितलं. म्हणाली, तो अधूनमधून येऊन काहीबाही बोलेल, मनावर घेऊ नकोस. तुम्ही जे कोण असाल ते, म्हणाला, आईला फोन द्या.

मी फोन टेबलावर ठेवलाय. स्पीकर चालूच आहे. सहा मिनिटं उरलीत. आतून ती बोलतेय आणि तो हो हो म्हणतोय. मी तोंड घट्ट मिटून लिहितोय, हा आवाज माझा नाही एवढं तरी कोणी मानावं म्हणून. ती त्याला म्हणतेय, कोट राहू दे, लांब नाही, मी दाराशीच —

मी ओरडतोय. आवाज फुटत —

सांगितलं होतं मी. देवा, तू ऐकलंस, मी त्याला खरं सांगि