पाचातली एक फेरी

यान्बू (सौदी अरेबिया), शुक्रवार, १७ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप नाना यांच्या पायांवर धाकटा भाऊ विश्वनाथ याने यान्बूहून डोके ठेवले आहे असे समजावे. इकडे माझी तब्येत ठीक. इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, नव्या वर्षापर्यंत चालू आहे, आणि ऊन एकदाचं उतरल्यामुळे उघड्यावरच्या लोखंडाला हात लावला तर कातडी निघत नाही, एवढं सुख आहे. तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळी वेळेवर घेता ना? (वहिनी कळवतात घेत नाहीत, तुम्ही कळवता घेतो. मी दोघांवरही विश्वास ठेवतो.) शोभना वहिनींच्या गुडघ्यांना चिपळूणच्या डॉक्टरांचा गुण आला का तेही कळवावं. पत्र पोस्टात न टाकता दाभोळचा शिरीष सुट्टीवर निघतोय त्याच्या हाती देत आहे, कारण मागचं पत्र तुम्हाला पावणेदोन महिन्यांनी मिळालं आणि त्यात मी गणपतीची चौकशी केली होती.

तुमचं पत्र मिळालं. सुरुचीने कॉलेजच्या नेमबाजीच्या सामन्यात नाव द्यायचं म्हटलं, छऱ्याच्या पिस्तुलाने लोखंडी तबकड्या मारायच्या म्हणे, आणि तुम्ही नाही म्हणालात. तेव्हापासून पोरगी जेवताना तोंड उघडते ते फक्त घासापुरतं. काकाचं ती ऐकते, तेव्हा तू तिला चार शब्द लिहून या खुळातून बाहेर काढ, ही तुमची आज्ञा. नाना, तुमची आज्ञा मी कधी मोडली नाही. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शाळेचा दाखला, आयटीआयचा फॉर्म, पासपोर्टचा अर्ज, माझ्या प्रत्येक कागदावर पालक म्हणून तुमचीच सही आहे. मला वेल्डर व्हायचं होतं की नाही हे तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. ही तक्रार नव्हे. ओघात आलं म्हणून लिहिलं.

तर तिला परावृत्त करायचा उत्तम उपाय म्हणजे माझी फजिती तिच्यापुढे ठेवणं. गेल्या ईदच्या सुट्टीत आमच्या कंपनीने असाच सामना घेतला होता. तुम्हाला मी एका ओळीत कळवलं होतं की भाग घेतला, छान झालं. ते छान झालं नव्हतं. आता सगळं खरं लिहितो, ते तिला मोठ्याने वाचून दाखवावं, म्हणजे पिस्तुलाचं नाव काढणार नाही.

आमचे सेफ्टी ऑफिसर, एक वयस्क स्कॉटिश गृहस्थ, यांना या खेळाचा नाद. कॅम्पच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पाच लोखंडी तबकड्या खांबांवर उभ्या केल्या. (तबकड्या मीच कापल्या आणि मीच जोडल्या, म्हणून माझं नाव न विचारता यादीत आलं.) रीत अशी की बझर वाजला की पिस्तूल उचलायचं, चार पांढऱ्या तबकड्या कुठल्याही क्रमाने मारायच्या आणि पाचवी लाल सगळ्यात शेवटी. लालला छरा लागला की घड्याळ थांबतं. जी पांढरी राहून जाईल तिच्यापोटी तीन सेकंदांचा दंड. अशा पाच फेऱ्या, त्यातली सगळ्यात वाईट सोडून देतात आणि चार धरतात. ही शेवटची अट मला फार दयाळूपणाची वाटली होती.

पहिल्या फेरीआधी साहेब म्हणाले की छरा लोखंडावरून उलटा येतो, चष्म्याशिवाय कोणी उभं राहायचं नाही. मी कशाला कोणाचा चष्मा मागू, माझा स्वतःचा होताच. तो लावला, बझर वाजला, आणि समोर काळोख. वेल्डिंगचा चष्मा तो, त्यातून सूर्य हिरव्या लिंबाएवढा दिसतो, बाकी काही दिसत नाही. मी अंदाजाने दहा छरे झाडले. एकही कशाला लागल्याचा आवाज आला नाही. तेव्हा सुरुचीने लक्षात ठेवावं की चष्मा साधा, पारदर्शक लागतो आणि आदल्या दिवशी तो लावून बघावा. (म्हणजे, जायचं असतं तर.)

दुसऱ्या फेरीला स्टोअरकीपर जलालने आपला चष्मा दिला. हा पाकिस्तानातल्या गुजराणवाल्याचा, त्यांच्या फौजेत पंधरा वर्षं काढलेला. आता मला सगळं लख्ख दिसत होतं आणि सगळ्यात लख्ख ती लाल तबकडी, कारण रंगही मीच दिला होता, दोन हात. बझर वाजताच पहिला छरा तिच्यावरच बसला. घड्याळ थांबलं, एक सेकंद आणि नव्वद. मी हात वर करून सगळ्यांकडे बघितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चार पांढऱ्या जशाच्या तशा उभ्या होत्या, बारा सेकंदांचा दंड. म्हणून कोणती आधी, कोणती नंतर, हा क्रम आपली पाळी यायच्या आधीच मनात दोनचारदा म्हणून ठेवावा.

तिसरी फेरी लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पहिल्या तीन पांढऱ्या मला चक्क लागल्या, टिंग, टिंग, टिंग. चौथीचा आवाज बद्द आला. नाना, सोळा वर्षं मी हातोडीने ठोकून आवाजावरून जोड पारखतो. बद्द आवाज म्हणजे जोड फुटलाय, आणि जोड माझा. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि खिशातला खडू काढत, फुटकी जागा खूण करायला, सरळ तबकडीकडे चालू लागलो. मागे साहेब असे काही ओरडले की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर आले. पिस्तुलं भरलेली असताना रेषेपुढे पाऊल टाकणं म्हणजे तिथे महापाप. फेरी बाद झाली, आणि पुन्हा असं केलंस तर घरी पाठवीन म्हणाले. (मला क्षणभर वाटलं गुहागरला.) जोड खरंच फुटला होता, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. यातून घ्यायचं ते हे की छरा सुटला की आवाजाची वाट बघायची नाही, डोळे पुढच्या तबकडीवर न्यायचे. आणि साहेब सांगेपर्यंत रेषा ओलांडायची नाही.

मग अस्रची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान झाली आणि सामना थांबला. जलाल नमाज करून आला तो माझ्याजवळ बसला. म्हणाला, विश्वनाथ भाई, आप प्लेट को देखते हैं, प्लेट कहीं नहीं जाएगी. आगेवाली साइट देखो, और जल्दी मत करो. एवढं सांगून त्याने चहा दिला.

चौथ्या फेरीला मी नळीच्या टोकावरचा तो काळा ठिपका धरला आणि बाकी सगळं अंधुक होऊ दिलं. घाई केली नाही. एक चुकली, तर मागचा विचार न करता लगेच तिलाच पुन्हा मारली. पाची तबकड्या, अकरा सेकंद. मोठ्या सामन्यांत चौदा वर्षांची पोरंसुद्धा सहा सेकंदांत मारतात म्हणे, तर हे काही मोठं नव्हे. पण नाना, त्या अकरा सेकंदांत माझ्या डोक्यात रजा नव्हती, इकामा नव्हता, ज्याच्या नावावर मी इथे आहे तो कफील नव्हता, गुहागरही नव्हतं. मी कधी एवढा माझा स्वतःचा नव्हतो. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी नाक शिंकरायला बाजूला गेलो.

पाचवी फेरी चढेलपणात घालवली, तिचा तपशील देत नाही. पाचातली सर्वात वाईट कोणती सोडायची यावर साहेब आणि जलाल बराच वेळ बोलत होते. चोवीस जणांत माझा तेविसावा नंबर आला. चोविसावा आलाच नव्हता.

हे सगळं वाचून सुरुचीला अक्कल येईल अशी आशा आहे. वहिनींना नमस्कार. गोळी घ्यावी.

तुमचा,
विश्वनाथ

ता. क. – पत्राचं शुद्धलेखन तुम्ही नेहमीप्रमाणे तपासालच. या वेळी लाल पेन्सिलीआधी ते तिला द्यावं.

ता. क. २ – शिरीषचं विमान अठ्ठावीस तारखेचं आहे. सुरुचीचा सामना चिपळूणला, रविवारी, सव्वीसला. म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा तो होऊन गेलेला असेल. वर लिहिलेलं सगळं मी तिला मागच्या शुक्रवारी फोनवर सांगितलं आहे, तिने वहीत उतरून घेतलं. वहिनी सव्वीसला तिला सोबत घेऊन गुडघे दाखवायला चिपळूणला गेल्या असतील. ते डॉक्टर रविवारी बसत नाहीत. वहिनींवर रागावू नये, विचार माझा होता.

ता. क. ३ – ती अठराची नाही, म्हणून फॉर्मवर पालकाची सही लागत होती. फॉर्म कंपनीच्या ऑफिसात फॅक्सने मागवून ती मी केली आणि परत पाठवला. तुम्हाला न विचारता केलेली ही माझी पहिलीच सही. नाना, तुमचं ऐकून मी आजवर बऱ्याच फेऱ्या केल्या, त्या बऱ्या झाल्या असतील तर त्या धराव्यात आणि ही एक सोडून द्यावी. तिने किती पाडल्या ते मात्र कळवा. एकही लागली नसेल तरी कळवा.