सिद्ध तूच कर

आई, आज कोर्टातून आल्यापासून डोकं ठणकतंय, आणि बोलायला तुझ्याशिवाय कुणी सुचत नाही. तुला जाऊन वीस वर्षं होत आली. मी इथे बर्मिंगहॅमला हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि महिन्यातून दोनदा मॅजिस्ट्रेट म्हणून बसते. इथे वकील नसलेल्या साध्या माणसांनाही तसं नेमतात. पगार नाही, पण निकाल आम्ही तिघं मिळून देतो. नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली, पण आजची केस तुझ्याच काळातली वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानाची मालकीण, विधवा बाई. कस्टम्सवाल्यांनी तिच्या शेल्फवरची व्होडका उचलली, चोरून गाळलेली, कर बुडवलेली म्हणून. "नेहमीच्याच व्हॅनवाल्याकडून घेतली," ती सांगत होती, "पावती आणून देतो म्हणाला आणि परत आलाच नाही." कर बुडवला हे कस्टम्सने दाखवायचं नाही, भरलाय हे तिनेच दाखवायचं. कायदाच तसा. आणि दुकानाचं लायसन्स यावर अडकलेलं.

मला तू दिसत होतीस. दारूबंदीवाल्यांना आपल्या घरात वाळत घातलेली मोहफुलं आणि एक मोठं मडकं सापडलं, तेवढ्यावर तुला, तू कामाला होतीस त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून उचलून नेलं. मी आठ वर्षांची, तुझा पदर धरून कोर्टात उभी. "दारूसाठी नव्हती हे तू सिद्ध कर," खुर्चीवरचे न्यायाधीश साहेब म्हणतात. "आम्ही ती भाजून खातो, साहेब. जे केलंच नाही ते दाखवू कसं?" तू विचारतेस, आणि मागे कुणीतरी हसतं. दोन वर्षांनी निर्दोष सुटलीस, पण भाकऱ्या थापायचं ते काम गेलं ते गेलंच.

आज निकाल ठरवताना आतल्या खोलीत आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "पावतीच नाही, मग प्रश्न कुठे येतो? तुमचं मत?" व्हॅनवाल्याला शोधायला त्या बाईने मुदत मागितली होती. ती देऊ या, एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणाले, "आय अग्री." बाटल्या जप्तच राहिल्या. बाहेर ती बाई बाकावर नुसती बसून होती. मी तिच्यासमोरून मान खाली घालून गेले. चीड कायद्याची येते, त्याहून जास्त माझी.

कारण बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला एवढं का लागतंय? मॅजिस्ट्रेटच्या मुलाखतीत विचारलं होतं, तुमच्या घरच्या कुणामुळे कोर्टाला अवघड वाटेल असं काही आहे का? मी लगेच "नाही" म्हणाले होते, आई. हे पत्रसुद्धा कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी फाडणार आहे.